पुण्याहून माळीणला जाताना: स्मृतिस्थळाला पहिल्यांदा भेट देणाऱ्यांसाठी

३० जुलै २०१४, बुधवार. सकाळी साडेसातच्या सुमारास आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावठाणावर डोंगर उतरला. चाळीसहून जास्त घरं चिखलाखाली गेली आणि १५१ माणसं दगावली. धो धो पाऊस असल्यामुळे बहुतेक जण घरातच होते. गाव जागेवर नाही ही वर्दी बाहेर दिली ती त्या वाटेने आलेल्या एसटीच्या चालकाने. एनडीआरएफची पथकं आठवडाभराहून जास्त काळ ढिगारा उपसत होती. त्यातून एक तान्हं बाळ आणि त्याची आई जिवंत निघाली, पण असे सुदैवी फार थोडे.

आज तिथे स्मृतिस्तंभ आहे, गेलेल्यांच्या नावाने लावलेली झाडं आहेत, आणि थोड्या अंतरावर नव्याने वसवलेलं गाव आहे. भूगोलाचे विद्यार्थी, आपत्ती व्यवस्थापन शिकणारे, गिर्यारोहण मंडळं आणि नुसतं जाऊन नमस्कार करून यावं असं वाटणारी माणसं, सगळे पुण्याहून जातात. त्यातले बरेच जण चुकीच्या ठिकाणी पोहोचतात, चुकीच्या दिवशी जातात किंवा डोंगराकडे नीट न बघताच परततात. हे टळावं म्हणून हा लेख.

१. आधी ठरवा: जुनं माळीण की नवं?

फोनवरच्या नकाशात नुसतं ‘माळीण’ टाकलं तर खूण कुठे लागेल याचा भरवसा नाही. कारण माळीण आता दोन आहेत. जिथे दरड आली ते जुनं गावठाण, आणि आमडे गावच्या हद्दीत वसवलेलं पुनर्वसित गाव. नव्या गावाचं लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी झालं. शिवाय माळीणच्या वाड्या आसपास विखुरलेल्या आहेत. दरड गावठाणावर आली, सगळ्या वाड्यांवर नाही. त्यामुळे ‘माळीणमध्ये आता कोणी राहत नाही’ हा पुण्यातला समज काढून टाका.

स्मृतिस्तंभ जुन्या जागी आहे. वाटेत विचारताना ‘जुनं माळीण, स्मृतिस्तंभ’ असं विचारा. ‘ते गाडलं गेलेलं गाव कुठे?’ असं विचारू नका. ज्याला विचाराल त्याची बहीण, आत्या, मामा तिथे असू शकतात. या पट्ट्यात सोयरीक आजूबाजूच्या गावांतच होते.

दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतात. आधी जुनं, मग नवं. उलटं केलं तर नव्या गावाची रचना अशी का केली हे नीट उमगत नाही.

२. दिवस कोणता?

डोंगर बघायला जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमध्ये हवा छान असते, पण गवत कमरेइतकं वाढलेलं असतं आणि दरडीचा पट्टा त्यात झाकला जातो. गवत वाळून बसलं की उताराचा आकार मोकळा दिसतो. एप्रिल-मेमध्ये तो आणखी स्पष्ट दिसतो, मात्र अकरानंतर उघड्यावर उभं राहवत नाही.

३० जुलैला दरवर्षी नातेवाईक स्मृतिस्तंभापाशी जमतात. त्या दिवशी बाहेरच्यांनी जाऊ नये असा काही नियम नाही, पण तो दिवस त्यांचा आहे. गेलातच तर गाडी लांब लावा, मागे उभे राहा, रांगेत शेवटी फूल वाहा आणि कॅमेरा पिशवीतच ठेवा. मोठा गट घेऊन त्या दिवशी जाऊच नका.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, आणि श्रावणातला सोमवार तर नक्कीच. भीमाशंकरची सगळी गर्दी डिंभ्यापर्यंत, म्हणजे तिकडची वाट वेगळी होते त्या गावापर्यंत, तुमच्याच रस्त्यावर असते.

३. पावसाळ्यात जायचंच असेल तर

सरळ सांगायचं तर जून ते सप्टेंबर जाऊ नये. ज्या कारणाने हे स्मारक उभं राहिलं ते कारण त्या चार महिन्यांत तिथल्या प्रत्येक उतारावर हजर असतं. तरी कामानिमित्त जावं लागलंच तर एवढं बघा.

हवामान विभाग पुणे जिल्ह्याचा इशारा दोन भागांत देतो: एक शहर आणि मैदानी भाग, दुसरा ‘पुणे घाट’. नेमकी चूक इथे होते. शिवाजीनगरला भुरभुर असते, फोनवर ‘हलका पाऊस’ दिसतो, म्हणून लोक निघतात. त्याच वेळी घाटाला ऑरेंज अलर्ट असतो. तुम्हाला घाटाचाच इशारा बघायचाय. हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. घाटाला ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द. यलो असेल तर मागचे दोन-तीन दिवस किती पडला ते बघा. माती आधीच गच्च भिजलेली असेल तर वरून थोडा पाऊसही पुरतो. शिवाय जिल्हाधिकारी पावसाळ्यात काही ठिकाणी पर्यटकांना बंदी घालतात. तो आदेश आदल्या संध्याकाळी तपासा.

४. सोबत काय घ्यावं

तिकीट नाही, परवाना नाही. तरी हे जवळ असू द्या:

- ओळखपत्र, गाडीची कागदपत्रं. विद्यार्थ्यांचा गट असेल तर महाविद्यालयाचं पत्र, त्यात किती जण, कशासाठी आणि प्रमुखाचा फोन नंबर. ग्रामपंचायतीला दोन-तीन दिवस आधी कळवलं तर कोणीतरी सोबत यायची शक्यता वाढते.
- माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन.
- डबा. घोडेगावच्या पुढे हॉटेलच्या भरवशावर राहू नका.
- सुटे पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं.
- डाउनलोड केलेला नकाशा आणि कागदावर लिहिलेला रस्ता. डिंभ्यानंतर फोन कधी लागतो, कधी नाही.
- पकड असलेले बूट. दगडांखाली फुरसं (छोटा विषारी साप) असू शकतं, त्यामुळे चपला घालून गवतात फिरू नका आणि दगड हाताने उलटू नका.
- पावसाळ्यात रेनकोट. छत्री तिथल्या वाऱ्यात उलटी होते.
- स्टेपनी, जॅक, पान्हा. स्टेपनीत हवा आहे का ते पुण्यातच बघा.
- कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. नेलेलं सगळं परत आणायचं.

दुर्बीण असेल तर जरूर घ्या. ड्रोन घेऊ नका. माणसं जिथे पुरली गेली तिथे डोक्यावर घरघर नको, एवढं कारण पुरेसं आहे.

५. रस्ता

एकूण अंतर पुण्यातून कुठून निघता त्यावर ११०-१२० किलोमीटर, वेळ साडेतीन तास धरा. पहाटे साडेपाचला निघालात तर नऊला पोहोचाल. साडेसातला निघालात तर मोशी-चाकणच्या कोंडीतच नऊ वाजतील.

नाशिक फाटा, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर हा नाशिक महामार्ग. मंचरला डावीकडे घोडेगाव-भीमाशंकर रस्ता. इथे पहिला चकवा आहे. महामार्गाचा बाह्यवळण रस्ता मंचर गाव बाजूला टाकतो. त्यावर सुसाट गेलात की मंचर कधी गेलं कळतही नाही आणि तुम्ही नारायणगावच्या वाटेला लागता. बाह्यवळण सुरू व्हायच्या आधीच मंचर गावात उतरायचं.

मंचर किंवा घोडेगावला पेट्रोल भरा. घोडेगाव हे तालुक्याचं ठाणं. (तालुका आंबेगाव आणि ठाणं घोडेगाव, हे कसं? ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं.) तहसील, पोलीस ठाणं, ग्रामीण रुग्णालय, औषधांची दुकानं, सगळं इथे. चहा-नाश्ता इथेच उरका.

घोडेगाव, शिनोली, डिंभे. डिंभ्याला दुसरा चकवा: मोठा, गर्दीचा रस्ता भीमाशंकरला जातो. तो सोडायचा आणि अडिवरे-असाणे-आहुपेकडचा रस्ता धरायचा. इथे थांबून विचाराच. न विचारता सरळ गेलात तर तळेघरला पोहोचाल आणि तासभर वाया जाईल. डिंभ्यानंतर एका अंगाला हुतात्मा बाबू गेनू जलाशयाचं पाणी आणि दुसऱ्या अंगाला डोंगर असा रस्ता आहे. वळणं आंधळी, रुंदी बेताची, समोरून एसटी आली की कोणीतरी मागे घ्यायचं. ते कोणीतरी तुम्हीच असा, एसटी नव्हे. पावसाळ्यात रस्त्यावर ताजी माती किंवा गोटे पडलेले दिसले तर त्या जागी थांबून फोटो काढू नका. पुढे निघा किंवा मागे फिरा.

एसटीने जायचं तर शिवाजीनगर आगाराच्या गाड्या सध्या वाकडेवाडीहून सुटतात. नारायणगाव, जुन्नर, नाशिककडच्या गाडीने मंचर आणि तिथून घोडेगाव, किंवा घोडेगावमार्गे जाणारी भीमाशंकर गाडी. घोडेगावपुढे खेड्यांत जाणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत. घोडेगाव स्थानकात उतरल्यावर पहिलं काम: परतीची शेवटची गाडी तिकडून किती वाजता निघते ते वाहतूक नियंत्रकाला विचारणं. जाणारी गाडी मिळाली म्हणून येणारीही मिळेल असं समजू नका. गटाने जाणाऱ्यांना घोडेगावहून जीप ठरवणं सोयीचं. ‘जाऊन-येऊन, थांबण्यासकट’ असा भाव आधी ठरवा.

६. स्मृतिस्तंभापाशी

गाडी लांब, आवाज बंद, चपला बाजूला. नावं वाचा. सावकाश वाचा. एकच आडनाव पुन्हा पुन्हा येतं आणि एका आडनावाखाली आजोबापासून नातवापर्यंत माणसं सापडतात. घरंच्या घरं गेली म्हणजे काय, ते १५१ या आकड्यापेक्षा इथे जास्त कळतं.

फुलं वाहायची असतील तर पानात बांधून न्या, प्लास्टिकची पिशवी तिथे सोडू नका. उदबत्ती लावलीत तर विझेपर्यंत थांबा, उन्हाळ्यात वाळलं गवत लगेच पेट घेतं. झाडांना टेकू नका, फांदीला पिशव्या अडकवू नका. ती झाडं नातेवाइकांनी आपल्या माणसाच्या नावाने लावली आहेत. स्वतःचं रोप लावायची हौस असेल तर ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय खड्डा खणू नका. तिथल्या जमिनीत काय आहे हे लक्षात ठेवा. सगळे देह सापडल्यासारखं समजून पाय टाकू नये.

स्तंभाचा फोटो काढा, हरकत नाही. स्वतःला पुढे उभं करून काढू नका. डबा इथे उघडू नका, त्यासाठी परतीच्या वाटेवर जागा भरपूर आहे.

७. डोंगर कसा बघायचा

बहुतेक जण नावं वाचून परततात. खरं तर निम्मं बघायचं इथून पुढे आहे. मान वर करा.

आधी पूर्ण उतार एका नजरेत घ्या, अगदी माथ्यापासून पायथ्यापर्यंत. मग जुनी, जाड बुंध्याची झाडं कुठे थांबतात आणि कोवळी वाढ कुठून सुरू होते ते शोधा. ती सीमा बऱ्याचदा दरडीची कड असते. बारा वर्षांत हिरवळ परतली, पण हिरडा किंवा आंब्याचा जुना बुंधा बारा वर्षांत तयार होत नाही. मग पट्ट्याची रुंदी वर किती, खाली किती ते बघा. चिखल पाण्यासारखा वाहिला की तो ओढ्याची खोलगट वाट धरतो आणि पायथ्याला पसरतो. घरं बरोबर त्या पसरण्याच्या जागी होती, कारण सपाट जागा तीच.

आता कारण. सह्याद्री म्हणजे काळ्या बसाल्टचे थरावर थर. वरचा खडक हजारो वर्षं पाऊस खाऊन कुजतो, त्याचा मुरूम आणि माती होते. खाली ताठ कातळ, वर हे मऊ पांघरूण. पाऊस मातीत मुरतो, कातळापाशी अडतो आणि तिथे साचू लागतो. साचलेलं पाणी मातीच्या कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं. कणांची एकमेकांतली पकड सुटली की उभा उतार घट्ट राहत नाही, खिरीसारखा वाहू लागतो. पळायला वेळ मिळत नाही तो म्हणूनच.

पाणी किती याचा अंदाज हवा असेल तर सोपा हिशोब करा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एकरभर उतारावर १०० मिलिमीटर पडला तर चार लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर चाळीस. आणि डोंगर एक एकराचा नसतो.

उतारावर पायऱ्यांसारखी भातखाचरं दिसतील. इथे ‘पडकई’ हा शब्द कानावर येईल. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांच्या मदतीने उतार फोडून, बांध घालून खाचरं काढायची ही आदिवासी भागातली जुनी रीत. पुढे ती सरकारी योजना झाली आणि हाताच्या जागी यंत्रं आली. यंत्राने झालेल्या सपाटीकरणामुळे पाणी मुरायच्या आणि वाहायच्या वाटा बदलल्या, असं अनेकांचं म्हणणं. मूळ दोष तीव्र उतार, कुजलेला खडक आणि अतोनात पाऊस यांचा, असं दुसऱ्यांचं. वाद तिथे जाऊन एका नजरेत सुटणार नाही. पण खाचराच्या बांधाशी उभं राहून पाणी कुठून येतं आणि कुठून सोडलंय एवढं बघितलं तरी दोन्ही बाजू नीट समजतात. मात्र शेतकऱ्यानेच डोंगर पाडला असा निकाल गावात बसून सुनावू नका. त्या खाचरावरच त्यांचं पोट आहे.

दरडीच्या पट्ट्यावर चढू नका. माती सैल आहे आणि वर जाऊन खालच्यापेक्षा कमीच दिसतं.

डोंगराखालच्या कुठल्याही गावात उपयोगी पडतील अशा खुणा इथे असतानाच डोक्यात बसवून घ्या: उतारावर नवी आडवी भेग, विजेचे खांब किंवा झाडं कलणं, घराची दारं अचानक अडकू लागणं, ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा पाऊस असूनही आटणं, कोरड्या जागी नवा झरा फुटणं. यातलं काही दिसलं तर सामान न आवरता बाहेर पडायचं. पळायचं ते उताराच्या दिशेने खाली नाही, ओढ्याची वाट सोडून आडवं, बाजूच्या उंच जागेकडे. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये आणि १९ जुलै २०२३ ला खालापूरची इर्शाळवाडी, दोन्ही अशाच दरडीखाली गेली. महिना बघा, जुलैच.

८. नव्या गावात

नवं गाव एकसारख्या घरांच्या ओळींचं आहे. तेही उतारावरच टप्पे पाडून वसवलंय. २०१७ च्या पहिल्याच जोरदार पावसात तिथले काही रस्ते आणि भराव खचले होते. त्यामुळे टप्प्यांच्या संरक्षक भिंती आणि पाणी जायची गटारं मुद्दाम बघा. भराव घालून केलेली जमीन बसायला वेळ घेते आणि त्यात पाणी शिरलं तर आधी भरावच खचतो.

हे राहतं गाव आहे, प्रदर्शन नव्हे. अंगणात शिरण्याआधी हाक द्या. वडीलधाऱ्यांना ‘राम राम, बाबा’, बायकांना ‘मावशी’ किंवा ‘ताई’. ‘तुमच्या घरातले किती गेले?’ हा प्रश्न कधीही, कोणालाही विचारू नका. ‘भात कसा पिकला औंदा?’ विचारा, हिरड्याला भाव काय मिळाला विचारा. उन्हाळ्याच्या तोंडावर या भागात अंगणात, छपरावर बाळहिरडा वाळत घातलेला असतो: बोटाच्या पेराएवढी, सुरकुतलेली काळी फळं. त्यावर पाय देऊ नका, ते घरचं रोख उत्पन्न आहे. बोलणं तिथून सुरू झालं तर बाकीचं त्यांना सांगावंसं वाटलं तर सांगतील. नाही सांगितलं तर चहा घेऊन उठा.

पोरांना बिस्किटं, गोळ्या, जुने कपडे वाटत फिरू नका. मदत करायची असेल तर शाळेत जाऊन गुरुजींना काय लागतं ते विचारा आणि तेवढंच, नंतर, पोहोचतं करा. अभ्यासासाठी मुलाखती घेणाऱ्यांनी आधी सरपंच किंवा ग्रामसेवकाशी बोलावं. एकाच घरात दरवर्षी नवी तुकडी तेच प्रश्न घेऊन जाते. छापून आलेलं आधी वाचून या आणि जे छापलेलं नाही तेवढंच विचारा.

९. परत निघताना

चारच्या आत निघा. अंधारात डिंभ्यापर्यंतचा रस्ता नव्या माणसाने चालवू नये, आणि चाकणची संध्याकाळची कोंडी वेगळीच.

काही दुखलं-खुपलं तर जवळ अडिवऱ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यानंतर घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, मोठं काही असेल तर मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. फोन लागत नसेल तर रस्त्यालगतच्या उंच, मोकळ्या वळणावर जाऊन बघा, किंवा जवळच्या घरात विचारा. कोणत्या कंपनीचा फोन कुठल्या दगडावर लागतो ते तिथल्या पोरांना बरोबर ठाऊक असतं. साप चावला तर बांधू नका, कापू नका. पाय हलवू न देता थेट रुग्णालय गाठा आणि निघतानाच १०८ ला कळवा, म्हणजे वाटेत गाठ पडते.

डबा डिंभ्याच्या अलीकडे, पाण्यापासून लांब, सावलीत खा. जलाशयात उतरू नका. काठ गाळाचा आहे आणि पाऊल टाकल्यावरच खोली कळते.